शहाण्या वस्त्राची मालकी

वेशभूषाकार आणि तंत्रज्ञ यांच्या सहकार्यातून ‘शहाणी वस्त्रे’ निर्माण होतील, असे आश्वासन गेली दोन दशके दिले जात आहे. या दिशेने झालेला एक गाजलेला प्रयत्न म्हणजे गूगलचा ‘जॅकार्ड’ प्रकल्प. २०१५ साली तो जाहीर झाला आणि लिव्हाइस कंपनीच्या सहकार्याने २०१७ साली त्याचे पहिले डेनिमचे जाकीट ३५० डॉलरना बाजारात आले. डाव्या बाहीच्या कफात विद्युत्‌वाहक सूत विणलेले होते. त्यावरून बोट फिरवून खिशातील फोनवरचे गाणे बदलता येई.

या सहकार्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. धातूची बारीक तार सामावलेला धागा नेहमीच्या मागावर विणता आला पाहिजे आणि डेनिमवर कारखान्यात होणाऱ्या प्रक्रिया त्याने सोसल्या पाहिजेत, ही अट पुरी करावी लागली. तंत्रज्ञाने कापडाची शिस्त मानली, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हे सहकार्य निर्मितीपुरतेच राहिले. मालकीच्या प्रश्नाला त्याने स्पर्श केला नाही. जाकिटाचे शहाणपण केवळ कापडात नव्हते, ते गूगलच्या हाती असलेल्या संगणकीय सेवेवर विसंबून होते. २०२३ साली कंपनीने ती सेवा बंद केली. कापड धड राहिले, पण त्यात विणलेला धागा निरुपयोगी झाला. ग्राहकाने पैसे मोजून जे घेतले, त्याचा तो खऱ्या अर्थाने मालक कधी झालाच नव्हता.

प्रकल्पाला ज्याचे नाव दिले, त्या जॅकार्डचा माग १८०४ साली फ्रान्समध्ये आला. छिद्रांकित पत्त्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा हा माग आपल्याकडील विणकरांनाही परिचित आहे. त्याच फ्रान्समधील ल्यों शहरात १८३१ साली रेशीम विणकरांनी उठाव केला, तो कापडाच्या किमान दरासाठी. यंत्र किती कुशल आहे, यापेक्षा त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न तेव्हाही निर्णायक होता.

दुसरा मार्ग नाही असे नव्हे. लिआ ब्यूकली यांनी रचलेला ‘लिलीपॅड’ २००७ साली विक्रीस आला. कापडावर शिवता येणाऱ्या या विद्युत्‌साधनाचा आराखडा सर्वांना खुला आहे; कोणीही तो अभ्यासावा, बदलावा, दुरुस्त करावा.

म्हणून मागणी साधी आहे. कंपनीने सेवा मागे घेतली, तर तिची संगणकीय आज्ञावली खुली करण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे. एरवी अंगावरचे वस्त्रही भाड्याचेच ठरेल.