सायकल आमची, ट्रॅक कुणाचा?

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, असा उसासा दर रविवारी नव्याने टाकला जातो. हेल्मेट, काळा चष्मा, मोटारसायकलपेक्षा महाग सायकल आणि सिंहगडाच्या पायथ्याशी पोहे. चालवा, आमची ना नाही. आमचा आक्षेप त्या 'होते' या शब्दावर आहे. पहाटे पाचला ताडीवाला रोडच्या नाहीतर जनता वसाहतीच्या गल्लीत येऊन उभे राहा. झाडण कामगार, वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारी पोरे सायकल काढताना दिसतील. त्यांनी सायकल कधी सोडलीच नव्हती. पण त्यांना कुणी 'सायकलिस्ट' म्हणत नाही, कारण ते पोटासाठी पेडल मारतात.

2017 च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या. कुठे? विद्यापीठात आणि औंधात. कशावर? स्मार्टफोनच्या अॅपवर. कंपन्या आल्या, तोडफोडीच्या आणि चोरीच्या तक्रारी झाल्या, कंपन्या गेल्या. तक्रारींचे बोट कुठल्या वस्तीकडे वळले, हे आम्ही सांगायची गरज नाही. 2006 च्या बीआरटीबरोबर सातारा रस्त्याला ट्रॅक झाले, त्यांची गतही रोज दिसते. त्यावर भाजीची हातगाडी लागली की ते अतिक्रमण, चारचाकी लागली की ते पार्किंग!

रस्त्यावर कोणी कसे चालावे, हे या देशात जात ठरवत आली आहे. 2001-02 मध्ये 11 राज्यांतल्या 565 गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. रस्त्यावरून सायकल चालवायला दलितांना मनाई असलेली गावे त्यात सापडली. म्हणजे सवर्ण आळीतून जाताना खाली उतरून सायकल हातात धरायची. शहरात असे कोणी म्हणत नाही. शहराची रीत वेगळी.

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा जुन्या सायकलवरून कॉलेजला जायचा. गेटवर त्याला रोज विचारायचे, "डबा कुणाचा आणलास?" तिसऱ्या महिन्यात त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. हप्ता आई भरते, चार घरची धुणीभांडी करून. त्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही प्रतिष्ठेवर मोठाले निबंध लिहिले, त्या गेटवरचा एक प्रश्न त्या सगळ्यांना पुरून उरतो.

पण मित्रहो, थोडे आपल्याकडेही बघू. 14 एप्रिलला सायलेन्सर काढलेल्या गाड्यांची रॅली काढताना आपण सायकलवाल्याला मागे ठेवतो. मान्यवर कांशीराम याच पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. 1983 मध्ये त्यांनी डीएस-फोरचे शंभर सायकलस्वार घेऊन सात राज्ये पालथी घातली, सुमारे 40 दिवस. पेट्रोलला पैसा नव्हता हे खरेच, पण सायकल गल्लीत शिरते, थांबते, माणसाशी बोलते. बहुजनांचे राजकारण त्या वेगाने उभे राहिले. आपण ती गरिबीची खूण म्हणून लपवायला लागलो, हा आपला पराभव आहे.

महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. सोसायट्या अर्ज भरतात आणि बाके, कारंजी, नावाच्या पाट्या घेऊन जातात. आपले अर्ज कुठे असतात? आपल्याला अॅप नको. आरोग्य कोठीसमोर सायकल लावायला छप्पर हवे, वस्तीत साखळी अडकवायला पक्का स्टँड हवा, आणि पहाटे कामाला निघणाऱ्या बाईच्या रस्त्यावर दिवा हवा. तिच्याकडे सायकल नसेल, तर ती का नाही हेही विचारायला हवे.

येत्या रविवारी ते सिंहगडाकडे निघतील तेव्हा आपण वही घेऊन आपापल्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहू. पाच ते सात, दोन तास. किती सायकली बाहेर पडल्या, कोण, कुठल्या कामाला, किती लांब. आकडे घेऊन सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात भेटू.