बाजाराची हौस आणि वाचनाची गोडी

संध्याकाळी काही काम नसले की आपण म्हणतो, "चला, बाजारात एक चक्कर मारून येऊ." घ्यायचे काहीच नसते. तरी परत येताना हातात एखादी पिशवी असतेच. कधी कानातले, कधी गॉगल, कधी मोबाइलचे कव्हर. घरी आल्यावर ती वस्तू सगळ्यांना दाखवून होते. दोन दिवसांनी ती कपाटात जाऊन पडते.

हल्ली तर बाजारात जावेही लागत नाही. बाजारच मोबाइलमध्ये आला आहे. पूर्वी नोटा मोजून द्याव्या लागत. शंभराची नोट देताना हात थोडा थांबत असे. आता बोट लावले की पैसे गेले! दुकानदारही हुशार असतो. हजार रुपयांच्या चपलेवर तो ९९९ लिहितो. फरक एका रुपयाचा, पण आपल्या मनाला चप्पल नऊशेची वाटते. मोबाइलवर लिहिलेले असते, "पाचशेच्या वर खरेदी केल्यास घरपोच फुकट." मग चाळीस रुपये वाचवण्यासाठी आपण दीडशेची आणखी एक वस्तू घेतो. हे गणित कोणत्या वर्गात शिकवतात, कोण जाणे!

मोठी माणसे मुलांना सांगतात, "फिजूलखर्ची करू नका." आम्ही शिक्षकही सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. पुष्कळदा आपण वस्तूसाठी बाजारात जातच नाही. वेळ जात नाही, म्हणून जातो. काही नवे पाहावे, हाताळावे, निवडावे, अशी हौस असते. ही हौस वाईट नाही. परंतु ती भागवायला दुसरे काही मिळाले नाही, तर उपदेश ऐकूनही माणूस पुन्हा बाजारातच जाईल. पुस्तके हे काम फार चांगले करतात. ग्रंथालयात पाच पुस्तके चाळावीत आणि त्यांतले एक घरी न्यावे. आवडले नाही तर परत करावे. कोणी तोंड वाकडे करत नाही.

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पुस्तकेही महागच असतात ना?" प्रश्न योग्य होता. पण वाचण्यासाठी प्रत्येक पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आज गावोगावी अशी हजारो ग्रंथालये आहेत. वर्गणी थोडी असते आणि अनामत रक्कम परत मिळते. वर्तमानपत्रे तर बहुतेक ठिकाणी फुकट वाचता येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लामच्या इमारतीत करीमी लायब्ररी आहे. तिथे उर्दू, फारसी आणि अरबी भाषांतील जुनी पुस्तके जपून ठेवली आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तके ठेवली होती, त्यांत लोकांची राहती घरेही होती. कोणीही यावे, बसावे, वाचावे.

विकत घ्यायचेच असेल, तर जुने पुस्तकही चालते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम विद्यार्थी असताना, १९५३ साली, त्यांनी मद्रासच्या मूर मार्केटमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक घेतले. ते त्यांनी इतक्या वेळा वाचले की त्याची बांधणी पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागली. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपण २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करतो.

येथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती काहींना आवडणार नाही. पुस्तकांचीही नुसती खरेदी होऊ शकते. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तिथे डिसेंबर २०२१ मध्ये उर्दू पुस्तकांचा मोठा मेळा भरला होता. कष्टकऱ्यांच्या या शहरात एक कोटी रुपयांहून अधिक किमतीची पुस्तके विकली गेली. ही अभिमानाची बाब आहे. परंतु मेळ्यातून आणलेली पिशवी घरी तशीच बांधलेली राहिली, तर तिच्यात आणि चपलांच्या चौथ्या जोडात काय फरक? म्हणून मी मुलांना सांगतो, आधी घरातले पुस्तक वाचा, मग दुसरे आणा.

मुलांनो, एक गंमत पाहा. बाजार, दुकान, किंमत, खर्च, हिशेब, कर्ज हे मराठी शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. ते तुमच्या घरात आधीपासून आहेत. 'ग्रंथालय' आणि 'वाचन' हे शब्द मात्र शिकवावे लागतात!

आता ईदचे पाहू. ईदला नवे कपडे हवेत. त्यात मन मारा, असे मी कोणत्याही मुलाला सांगणार नाही. पण एक जोड झाला की दुसरा हवा असतो, मग त्यावर शोभणारे घड्याळ हवे असते. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१८ साली ती १६ जूनला आली. शाळा आदल्याच दिवशी उघडल्या होत्या. वह्या, दप्तर, गणवेश आणि ईदचे कपडे, सगळा खर्च एकाच महिन्यात! रोजंदारीवर काम करणाऱ्या अब्बांनी ते पैसे कसे उभे केले, हे मुलांना सहसा कळत नाही. ते उसने घेतात आणि गप्प राहतात. दुसरा जोड मागण्यापूर्वी त्यांच्या पायांतल्या चपलेकडे एकदा पाहावे.

ईदीचे पैसे मात्र तुमचे स्वतःचे असतात. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलीने गेल्या ईदला त्यातून ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरली. उरलेल्या पैशांच्या तिने बांगड्या घेतल्या, हेही मला आवडले. आता तिच्या घरी रोज वाद होतो. ग्रंथालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळते आणि घरात वाचणारे तिघे आहेत. धाकटा भाऊ शाळेतून आधी पोहोचतो, म्हणून ती पुस्तक दप्तरात घालून शाळेत आणते.