नाव दिसलं, राइड रद्द

रात्री एक वाजता अंधेरीहून मुंब्र्याला घरी येताना कॅबवाले चाचा म्हणाले, "आज दोन राइड दारात पोचल्यावर रद्द झाल्या. नाव वाचलं असेल." आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता : फुकट जळलेला सीएनजी आणि गेलेला पाऊण तास.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हात केला की ती थांबते. बसण्याआधी चालकाचं नाव कुणी विचारत नाही. शिवाय रात्री 12 ते 5 मीटरवर सव्वापट भाडं. ॲपनं मात्र गाडीच्या आधी नाव आणून ठेवलं.

प्रत्येक रद्द राइडमागे द्वेषच असतो, असं मी म्हणत नाही. कुणाला दुसरी गाडी स्वस्त मिळते. पण रद्द करण्याच्या कारणांत 'नाव खटकलं' हा पर्याय नसतो, म्हणून हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

म्हणे सुरक्षेसाठी नाव लागतं. गाडी शोधायला नंबर प्लेट पुरते. बायकांना बसण्याआधी चेहरा पडताळता यायलाच हवा, मान्य. मग गाडी दारात आल्यावर नाव-फोटो दाखवा, आणि त्यानंतर कुणी रद्द केलं तर चालकाला पैसे द्या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; यात अवघड काही नाही.

दोस्तांनो, असल्या स्क्रीन आपल्यातलेच अनेकजण बनवतात. डिलिव्हरीवाल्याचं नाव दाखवणारी एक स्क्रीन माझ्याही हातून गेली. 'उगाच धर्माचा विषय नको' म्हणून मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. चाचांना मात्र पाच स्टार दिले!

सोमवारी पुन्हा मीटिंग आहे. या वेळी बोलणार आहे.