दाढ काढल्यावर दोन दिवस घरी

शंभर टक्के हजेरीचे बक्षीस हुकू नये म्हणून दाढ काढलेले मूल दुसऱ्याच दिवशी कवायतीला उभे राहते. हे आम्हांला पटत नाही. काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण. ती निघाली तर हाड उघडे पडते आणि ठणका लागतो. म्हणून पहिले 24 तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये. गार दहीभात खावा. मिठाच्या कोमट पाण्याची हलकी चूळ दुसऱ्या दिवसापासून. दोन-तीन दिवसांनी दुखणे वाढले तर दंतवैद्यांकडे परत जावे. पालकांनी दंतवैद्यांची चिठ्ठी द्यावी आणि शाळेने ती रजा गैरहजेरी धरू नये, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.