‘बायकांना बरी’ गाडी

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल आमच्या सोलापुरात दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. चारचाकी घ्यायला निघालेला पुरुष विचारतो, “एकदा चार्ज केली की पुण्यापर्यंत जाते का?” आणि दुचाकीच्या दुकानात नवऱ्याबरोबर आलेल्या बाईकडे न बघता विक्रेता नवऱ्याला सांगतो, “मॅडमना बरी आहे साहेब. हलकी आहे, हळू चालते, लायसन्ससुद्धा लागत नाही.” पहिल्या प्रश्नात गाडीची परीक्षा आहे. दुसऱ्या वाक्यात परीक्षा बाईची आहे, आणि ती आधीच नापास झालेली आहे.

मी गेली तीन वर्षं विजेची स्कूटर चालवते. त्याआधी वीस-बावीस वर्षं पेट्रोलची चालवली. तेव्हा मी या गाड्यांच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. किक मारावी लागत नाही, पंपावरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, चौकाचौकात धूर नाकात जात नाही. महिन्याच्या खर्चातही पुष्कळ फरक पडतो. माझा राग आहे तो ‘बायकांना बरी’ या शब्दांवर. बरी म्हणजे कुणाच्या हिशेबाने बरी? कुठल्या बाईला? आणि हे ठरवलं कुणी?

गाड्या बनवणाऱ्यांना आणि कायदा लिहिणाऱ्यांना बाई दिसतच नाही असं नाही. दिसते, पण मागच्या सीटवर. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी सक्तीची आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. नियम चांगलाच आहे, त्याने अनेकींचे जीव वाचले असतील. पण साडी नेसलेली बाई पुढे बसून गाडी हाकत असेल, तिच्या पायाशी किराण्याची पिशवी आणि मागे दोन पोरं असतील, हे चित्र त्या काळी कुणाच्या डोळ्यांपुढे होतं? 1972 साली लुना आली, पुढे बिनगियरच्या स्कूटर आल्या. दर वेळी ‘बायकांची गाडी’ म्हणून हसू झालं आणि दर वेळी चार वर्षांत पुरुष त्याच गाड्यांवर आरामात फिरू लागले.

आता रोजच्या वापराचं बघू. नोकरदार पुरुषाचा दिवस बहुधा सरळ रेषेत असतो. सकाळी घर ते कारखाना, संध्याकाळी कारखाना ते घर. बाईचा दिवस वळणावळणाचा. मुलाला शाळेत सोड, तिथून रेशनच्या दुकानात बघून ये, सासूला सिव्हिल हॉस्पिटलला ने, लक्ष्मी मार्केटमधून भाजी घे, दुपारी पुन्हा शाळा. सगळं मिळून वीस-पंचवीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत, पण गाडी दहा-बारा वेळा थांबते आणि निघते. पेट्रोलचं इंजिन अशा थांब-चालीत जास्त पितं. विजेच्या मोटारीचं उलट आहे: भरधाव हायवेवर तिची बॅटरी लवकर उतरते, गावातल्या गावात हळूहळू पुरते. म्हणजे यंत्राच्या स्वभावाने बघितलं तर ही गाडी बाईच्याच दिवसाला जुळणारी आहे. तिची लायकी मात्र मोजली जाते ती “पुण्यापर्यंत जाते का” या एकाच मापाने.

मग ज्या बायांचा दिवस सगळ्यात वळणाचा, त्यांच्याकडे ही गाडी का दिसत नाही? पैसा हे पहिलं उत्तर खरंच आहे. पण पैसा कसाबसा उभा राहिला तरी पुढे एक अडसर आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो अडसर म्हणजे भिंतीवरचा प्लग.

अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायांसाठी लढून मिळवलेलं गोदूताई परुळेकर घरकुल आहे. दहा हजार घरं. 2006 साली ती कामगारांच्या ताब्यात आली. त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं. त्यातली पहिली पंधरा हजार घरं 19 जानेवारी 2024 ला दिली गेली. घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ही घरं शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, आणि काम, दवाखाना, बाजार शहरात. गोदूताई घरकुलात घराला स्वतःचं दार, दारापुढे अंगण. तिथे खिडकीतून वायर काढून गाडी लावता येते. रे नगरात मजल्यांच्या इमारती. वरच्या मजल्यावरची बाई वायर सोडणार कुठून? पेठांतल्या वाड्यात भाड्याने राहणारीची तर गोष्टच नको. माझ्या ओळखीच्या एकीला घरमालकाने सांगितलं, “गाडी ठेवा, पण मीटरला हात लावायचा नाही. पेटली तर?” त्याची भीती अगदीच खोटी नाही. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या होत्या, आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. पण भीती घरमालकाची आणि भुर्दंड भाडेकरणीचा, हा कुठला न्याय?

दुकानदार म्हणतो, बॅटरी काढून घरात न्या की! ज्याने हे सुचवलं त्याने ती बॅटरी उचलून दोन जिने चढून बघावेत. सोलापुरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी, मग रात्रीचे दोन का वाजेनात, बाईच घागरी वर नेते. त्याच कमरेवर आता बॅटरी!

आणखी एक हिशेब, जो जाहिरातीत नसतो. समजा स्कूटर रोज चाळीसएक किलोमीटर चालली, तर तिला रोज दीड युनिट धरा, महिन्याला पंचेचाळीस. ज्या घरात महिन्याला ऐंशी युनिट जळतात, ते घर एकदम सव्वाशेवर जातं. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटनंतर सुमारे दुपटीवर चढतो. तरी पेट्रोलपेक्षा हे स्वस्तच, यात शंका नाही. पण पेट्रोलचे पैसे नवऱ्याच्या खिशातून जातात आणि विजेचं बिल बऱ्याच घरांत बाई आपल्या मजुरीतून भरते. गाडी कामाला नेतो तो. बचत कुणाची झाली आणि बिल कुणाचं वाढलं, हे एकदा घरात बसून विचारून बघा. मी एका बैठकीत हा प्रश्न टाकला, तेव्हा आधी शांतता झाली, मग एवढ्या जणी एकदम बोलायला लागल्या की बैठक आवरेना.

लायसन्सचं आमिष तर मला सगळ्यात घातक वाटतं. कायद्याने ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि अडीचशे वॅटपर्यंतच्या मोटारीच्या दुचाकीला मोटार वाहन मानलेलंच नाही. म्हणून तिला नंबरप्लेट नाही, नोंदणी नाही, लायसन्स नाही. हीच गाडी बायकांना आणि शाळकरी पोरांना एकाच दमात विकली जाते. म्हणजे प्रौढ बाई आणि नववीतला मुलगा एका पायरीवर! आणि गंमत बघा, 2019 ते मार्च 2024 पर्यंत केंद्राची फेम-2 योजना होती, तिच्यात अनुदान होतं ते ताशी किमान चाळीस किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला. ऑक्टोबर 2024 पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही नोंदणी झालेलीच दुचाकी बसते. ‘बायकांना बरी’ म्हणून जी गाडी पुढे सरकवली, तिच्या वाट्याला त्यातला एक रुपया नाही. शहरातून ट्रकची जड वाहतूक चालू, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्या मधून ताशी पंचवीसने जाणारी बाई. ही सुरक्षितता म्हणायची?

लायसन्स हा कागदाचा तुकडा नव्हे. ज्या बाईच्या नावावर ना सातबारा, ना घर, ना मीटर, तिच्या नावाचा, तिच्या फोटोचा, तिला काहीतरी येतं असं सरकारने लिहून दिलेला तो एक दाखला आहे. तो तिला नको, असं सांगणाऱ्याला आपण धन्यवाद द्यायचे कारण नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. त्यांना कुणी ‘बायकांना बरी’ अशी तीनचाकी सायकल दिली नव्हती. दुकानात पुरुषी सायकली होत्या, त्यांच्यावरच त्या शिकल्या.

आता बाहेर फिरण्याचं. बाईच्या फिरण्याबद्दल लिहिलं की लगेच कपाळाला आठ्या पडतात. कामाला गेली तर ठीक, देवाला गेली तर ठीक, पण नुसती फिरायला? मी जाते. हिप्परग्याच्या तलावावर जाते, नान्नजच्या माळरानाकडे जाते, मैत्रिणीला मागे बसवून. माझी गाडी नोंदणीची आहे, बॅटरी मोठी आहे, म्हणून जमतं. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, वाटेत घाट; जाऊन-येऊन नव्वद. एप्रिल-मेच्या उन्हात, दोघी बसून, एका चार्जिंगवर हे मी कुणाला सांगणार नाही. पंढरपूर सत्तरच्या पुढे. तिथे मुक्काम करून, मठात किंवा लॉजवर प्लग मिळाला तरच. परतीच्या वाटेवर अंधारात बॅटरी संपली तर पुरुष ढकलत नेईल, नाहीतर ढाब्यावर बसून राहील. आपल्याला मात्र आधी आजूबाजूला कोण आहे ते बघावं लागतं. चार्जिंगची जागा कुठे आहे एवढंच आपल्याला पुरत नाही. तिथे दिवा आहे का, माणसांची वर्दळ आहे का, संडास आहे का, हे गाडीच्या किती किलोमीटर इतकंच महत्त्वाचं आहे. हे कुठल्या नकाशात लिहिलेलं असतं?

दुरुस्तीचंही तेच. पेट्रोलची गाडी गल्लीतला मिस्त्री अर्ध्या तासात चालू करून द्यायचा. मागे माझ्या स्कूटरचा एक भाग बिघडला तेव्हा सोळा दिवस ती दुकानात पडून होती, आणि रोज फोनवर एकच उत्तर, “साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेब घरी नाहीत, असं सांगून मी स्वतःच जाऊन बसले. मग समजावून सांगितलं, आणि मला समजलंही!

सरकारला बायांचा कळवळा आला तो गुलाबी रंगात. 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात पिंक ई-रिक्षा जाहीर झाली. राज्यात दहा हजार रिक्षा, आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूरही. किमतीचा वीस टक्के भाग सरकारचा, दहा टक्के बाईचा, सत्तर टक्के बँकेचं कर्ज, ते पाच वर्षांत फेडायचं. रिक्षा चालवायला ज्या पुढे आल्या त्यांचं मला कौतुकच आहे. पण रिक्षाच्या स्टँडवर तिला उभं राहू देतील का? शेअर रिक्षाचे ठरलेले मार्ग आहेत, ठरलेले नंबर आहेत, वर्षानुवर्षांचे पुरुषांचे गट आहेत. दुपारी बॅटरी उतरली तर ती कुठे लावायची? घरी जाऊन येण्यात दोन तास गेले तर हप्ता कोण भरणार? बँकेला रंग कळत नाही, तारीख कळते. सत्तर टक्क्यांची जोखीम बाईच्या डोक्यावर ठेवून त्याला सबलीकरण म्हणायचं, आणि चावी देतानाच्या फोटोत हसायचं मंत्र्यांनी!

उलट बाजूला काय आहे? राज्याने 2025 च्या ऑगस्टपासून विजेच्या चारचाकींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ केला. ज्याच्याकडे पंधरा-वीस लाखांची मोटार आहे त्याचा टोल माफ. द्रुतगती मार्गावर दुचाकीला आणि रिक्षाला मुळात प्रवेशच नाही. हवा स्वच्छ ठेवण्याचं बक्षीस कुणाला मिळालं ते आपणच बघावं. आयुष्यभर पायी आणि बसने हिंडलेल्या बाईइतकी स्वच्छ हवा कुणी राखली आहे?

म्हणून गाडी वीजेची की पेट्रोलची, या भांडणाआधी मला बस हवी आहे. मार्च 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून एसटीत बायांची गर्दी किती वाढली ते कुठल्याही स्टँडवर जाऊन बघावं. एवढ्या जणींना जायचं होतं, आणि भाड्यापायी त्या घरी बसल्या होत्या! ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसची योजना जाहीर केली, तीत सोलापूरचंही नाव आहे. त्या बस कुंभारीला पहाटे आणि रात्री जाणार का, विडी कारखान्यांच्या वेळेला जाणार का, तेंदूच्या पानांचं गाठोडं घेऊन चढणाऱ्या बाईला कंडक्टर चढू देणार का, हे आपण आत्ता विचारलं पाहिजे. वेळापत्रक छापून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

महापालिकेकडे आम्ही लेखी मागण्या दिल्या आहेत: रे नगरच्या प्रत्येक इमारतीखाली मीटरसह चार्जिंगची सोय, भाजी मंडई आणि सिव्हिल हॉस्पिटलजवळ दिवा, संडास आणि पहारेकरी असलेली चार्जिंगची जागा, आणि पिंक रिक्षांना प्रत्येक स्टँडवर नंबर. उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू, नाही आलं तरी छापू.

दरम्यान दर रविवारी सकाळी दहा ते एक, आमच्या कार्यालयात शिकाऊ लायसन्सचे अर्ज भरून देण्याचं काम चालू आहे. येताना आधारकार्ड, जन्मतारखेचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो आणावेत. गाडी नसली तरी चालेल.