लाईफटाईम वॉरंटी : लाईफ नक्की कोणाची?



मिक्सरच्या मोटरला वॉरंटी असते, पात्याला नसते. कुकरला असते, रबरी रिंगला नसते. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण घरात कॉम्प्युटर आला की तो विषय आपण मुलांवर सोडून देतो. पैसे मात्र घरखर्चातूनच जातात. म्हणून आज डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘लाईफटाईम वॉरंटी’बद्दल लिहिते. माझं मत आधीच सांगते. ही वॉरंटी खोटी नाही, उपयोगाची आहे. पण तिच्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत, आणि बिल जपून ठेवणार नसाल तर एक रुपयाही जास्त देऊ नये.

आधी ती कशाला मिळते ते पाहू. कॉम्प्युटरच्या सगळ्याच भागांना नाही. मुख्यतः रॅमला मिळते. किंग्स्टन, कॉर्सेअर, जी.स्किल, क्रुशियल या कंपन्यांनी वर्षानुवर्षं रॅमवर अशी वॉरंटी दिली आहे. हार्ड डिस्कला मात्र साधारण दोन ते पाच वर्षंच मिळतात, कारण तिच्यात तबकडी फिरते आणि जे फिरतं ते झिजतं. एसएसडीला वर्षांची मर्यादा असते आणि बऱ्याचदा किती माहिती लिहिली जाईल याचीही. रॅममध्ये फिरणारं काही नाही. ती बिघडायची असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही महिन्यांतच बिघडते, नाहीतर वर्षानुवर्षं चालते.

आता मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेबाकडे येते. कंपनी वॉरंटी देते तेव्हा ती दानधर्म करत नाही. शंभर नगांमागे किती परत येतात याचा तिला अनुभव असतो. तेवढ्या खर्चाची तरतूद ती हिशेबात धरते आणि किंमतही त्याप्रमाणेच ठरवते. रॅम फारशी परत येत नाही, म्हणूनच कंपनीला ‘लाईफटाईम’ म्हणायला परवडतं. म्हणजे त्या शब्दातून आपल्याला एक खरी गोष्ट कळते : बनवणाऱ्याला आपल्या मालावर भरवसा आहे. वॉरंटीचा मला वाटणारा पहिला फायदा हाच. फुकट बदलून मिळणं हा दुसरा.

पण लाईफ कोणाची? आपली नाही, हे नक्की. बऱ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरती असते. जुना कॉम्प्युटर भाच्याला दिला की ती संपू शकते. काही ठिकाणी वस्तूचं आयुष्य धरतात. जर्मनीत तर क्रुशियलने ‘लाईफटाईम’ न म्हणता सरळ 10 वर्षं लिहिलं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. आकडा लिहिला की भांडण राहत नाही.

आणि खुद्द कंपनीचं आयुष्य? अमेरिकेत बीएफजी नावाची कंपनी होती. ग्राफिक्स कार्डांवर लाईफटाईम वॉरंटी देण्यासाठीच ती ओळखली जायची. मे 2010 मध्ये तिने तो धंदा सोडला आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत कंपनी गुंडाळायला घेतली. दुरुस्तीला पाठवलेली कार्डं काही ग्राहकांना तशीच बिघडलेली परत मिळाली. ग्राहक जिवंत होते, कॉम्प्युटर जिवंत होते, वॉरंटी देणारीच गेली. कंपनी बुडते तेव्हा आधी तारण असलेल्या बँका आपलं वसूल करतात. वॉरंटी कार्ड घेऊन उभ्या असलेल्या ग्राहकाचा नंबर फार मागे लागतो. अलीकडचं उदाहरण क्रुशियलचंच. तिची मालक मायक्रॉन हिने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की, किरकोळ ग्राहकांसाठीचा हा धंदा आपण बंद करतोय. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळू असंही तिने सांगितलं. मायक्रॉन मोठी कंपनी आहे, चालू आहे, म्हणून त्या शब्दाला वजन आहे. म्हणूनच वॉरंटीच्या आधी ती देणाऱ्याची ऐपत बघावी. आपल्या आजी सोनं घेताना सराफ किती पिढ्यांचा आहे हे विचारायच्या, तसंच.

आपल्या धर्मात याबाबत किती स्पष्टता आहे बघा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात नियम आणि यम असा भेद केला आहे. ठरावीक काळासाठी घेतला तो नियम, जन्मभरासाठी घेतला तो यम. महाराजांसमोर उभं राहून आपण रात्रिभोजनाचा त्याग करतो तेव्हा चार महिन्यांसाठी की जन्मभरासाठी, हे आधी सांगतो. चार महिन्यांचा नियम घेऊन त्याला आजन्म म्हणत नाही. ‘जन्मभर’ हा शब्द आपल्याकडे इतका जड आहे की तो उच्चारण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो. बाजाराने तो हलका केला आहे. डब्यावर ‘लाईफटाईम’ मोठं आणि ‘लिमिटेड’ बारीक. ज्या भगिनींच्या घरी दुकान आहे त्यांना माझी विनंती आहे : गिऱ्हाइकाला तो बारीक शब्दही वाचून दाखवा. गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट परत येईल.

आता पैशांचं. समजा दोन रॅम आहेत, एकीला तीन वर्षांची वॉरंटी, दुसरीला लाईफटाईम. फरक शे-दोनशेचा असेल तर दुसरी घ्या. हजाराचा असेल तर विचार करा. कॉम्प्युटर घरात किती वर्षं टिकतो? डीडीआर3 आली 2007 मध्ये, डीडीआर4 2014 मध्ये, डीडीआर5 2020 नंतर. एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसतसुद्धा नाही. म्हणजे सात-आठ वर्षांनी मदरबोर्ड बदलला की चालू असलेली रॅमही बाजूला पडते, वॉरंटी जिवंत असली तरी. आपण पुद्गलाला पूरण-गलन स्वभावाचा म्हणतो, जुळणारा आणि विरणारा. कॉम्प्युटरचे भाग त्यातले सगळ्यात घाईचे!

आणखी एक अट वाचून घ्या. बिघाड झाला तर दुरुस्त करून देणार, बदलून देणार की पैसे परत देणार, हे बहुधा कंपनी ठरवते. रॅमचे भाव चढलेले असताना वस्तू बदलून मिळाली तर आपला फायदा. जुन्या बिलाचे पैसे मिळाले तर त्यात नवी येणार नाही. आतली माहिती, फोटो, हिशेब परत मिळवून देणं तर कोणत्याच साध्या वॉरंटीत नसतं. त्यासाठी दुसरी प्रत आपणच ठेवायची.

घरच्या बाईने करायची कामं तीन. पहिलं, जीएसटीचं बिल मागून घ्या. त्यावर वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घ्या. दुसरं, गुळगुळीत कागदावरची छापील पावती वर्षभरात पांढरी पडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. तिसरं, दाद मिळाली नाही तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जायची मुदत आहे.

पण हक्क मागताना आपलाही शब्द खरा हवा. नातवाच्या हातून पाणी सांडलं, रॅम जळली, आणि ‘आपोआप बंद पडली’ म्हणून बदलून घेतली, तर ते असत्यही आहे आणि अचौर्य अणुव्रतालाही बाधा आणणारं आहे. ‘कंपनीला काय फरक पडतो’ म्हणून चालत नाही. त्या तरतुदीचा पैसा शेवटी पुढच्या गिऱ्हाइकाच्या किमतीतून येतो, आणि तो गिऱ्हाईक आपल्यासारख्याच एखाद्या घरातला असतो. शिवाय नातू शेजारी उभा असतो, ऐकत असतो. रॅम पुन्हा विकत मिळते.