झाडाचा धनी कोण?

तंजावर म्हटले की मराठी वाचकास सरफोजी राजे व सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्यापलीकडे फार तर कावेरीकाठची भातशेते. त्याच जिल्ह्यात पट्टुकोट्टैकडील रेताड व तांबड्या जमिनीत सुरूची बनेही उभी आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. ही बने सरकारी नव्हेत. ती शेतकऱ्यांनी आपल्या रानात लावलेली असून त्यांतील लाकडाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कागदाचे कारखाने.

सुरू हा मूळचा आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया व प्रशांत महासागरातील बेटांचा. तमिळमध्ये त्यास ‘सवुक्कु’ म्हणतात. त्याची सुयांसारखी दिसणारी पाने वस्तुतः पेरेदार डहाळ्या होत; खरी पाने पेऱ्यांवर बारीक खवल्यांच्या रूपाने असतात. मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजंतू राहतात व हवेतील नायट्रोजन झाडास मिळवून देतात. म्हणूनच निकस वाळूतही हे झाड जोम धरते आणि तीन ते पाच वर्षांत तोडणीस येते. सरळ सोट परांचीला, उरलेले लाकूड लगद्याला, डहाळ्या जळणाला.

कारखान्यांनी लाकूड सरकारी जंगलातून न घेता शेतकऱ्यांकडून घ्यावे, असे 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने सुचविले. सूचना योग्यच होती. परंतु झाडास जमिनीइतकीच मुदतीचीही गरज असते, आणि तंजावरात अडचण आहे ती इथेच. येथील पुष्कळ जमीन देवस्थानांची व मठांची, कसणारा कूळ. कुळांच्या व सालदारांच्या रक्षणासाठी तंजावरपुरता स्वतंत्र कायदा 1952 साली करावा लागला, यावरून तेथील जमीनदारीचा ताण कळावा. ज्याला पुढील हंगामाची शाश्वती नाही, तो चार वर्षांचे झाड कशास लावील? तो भातच लावणार.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील जंगल लावलेले नसून नैसर्गिक आहे, हा फरक खराच. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये या गावास 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल 2011 उजाडले. तो आल्यावरच गावाने स्वतः बांबू विकला. हक्काचा कागद आणि वाहतुकीचा परवाना यांत इतके अंतर असू शकते!

तंजावरच्या कुळासाठी कायद्यात वाट अगदीच नाही असे नाही. तामिळनाडूच्या 1959 च्या धर्मादाय कायद्याप्रमाणे देवस्थानाची जमीन पाच वर्षांहून अधिक मुदतीने द्यावयाची झाल्यास आयुक्तांची मंजुरी लागते. सुरूच्या एका पिकास पाच वर्षे पुरतात. तेवढ्या मुदतीचा लेखी भाडेपट्टा करावा, आणि झाडे लावणाऱ्याची असून तोडणीचा दाम त्याच्याच हाती पडेल, असे त्यात स्पष्ट नमूद करावे. लाकूड सालीसकट तोलावयाचे की साल काढून, हेही कारखान्याच्या करारात लागवडीपूर्वीच लिहिलेले असावे.